दोन व्होल्टला ओपलचा रंग का सरकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. प्रोजेक्टसाठी त्यांना विजेवर रंग बदलणारा कोलॉइडी फोटॉनिक क्रिस्टल करायचा आहे, म्हणजे एकसारख्या बारीक कणांची ओळीने केलेली, ओपलसारखी रंग देणारी रचना. सर म्हणतात, कणांवर चार्ज असतो म्हणून रंग बदलतो. एका व्हिडिओत सांगितलंय की अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात उजेड किती मंदावतो त्याचं माप, बदलतो. मग टंगस्टन ऑक्साइडच्या फिल्मसारखं हेही इलेक्ट्रोक्रोमिकच का, म्हणजे विजेने पदार्थाचाच रंग बदलणारं? आणि दोन-तीन व्होल्टमध्ये सगळे रंग मिळत असतील तर राजारामपुरीतल्या दुकानांच्या पाट्या अजून एलईडीवरच का चालतात?

सरांचंही खोटं नाही आणि व्हिडिओवाल्याचंही नाही, फक्त दोघे वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत. "कोलॉइडी क्रिस्टल विजेने रंग बदलतो" एवढ्या एका वाक्यात निदान तीन निराळ्या यंत्रणा येतात. एकीत कण सरकतात, दुसरीत कणांच्या मधलं जेल फुगतं, तिसरीत मधले रेणू नुसते वळतात. यातल्या कुठल्याच ठिकाणी वीज स्वतः रंग तयार करत नाही. ती कुणाला तरी जागचं हलवते. तुमच्या सेलमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या नमुन्यात, नेमकं कोण हलतंय हे आधी ठरवा. किती रंग मिळतील, किती वेळ लागेल, सेल कशाने मरेल, हे सगळं त्यावरून ठरतं.

आता रंग मुळात येतो कुठून ते बघू. शुक्रासाठी ओपल घालायचा सल्ला मिळालेली माणसं गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ पेठेत, येतात. सराफ खडा उजेडात फिरवून दाखवतो आणि आतून हिरवा, तांबडा, निळा असे तुकडे चमकतात. त्या खड्यात कुठलंही रंगद्रव्य नाही. सी. व्ही. रामन यांनी जयरामन यांच्याबरोबर १९५३ मध्ये ओपलच्या या रंगांवर लिहिलं होतं, पण आतली रचना प्रत्यक्ष दिसली ती १९६४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या सँडर्स आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओपल बघितला तेव्हा. एकसारख्या मापाच्या सिलिकाच्या बारीक गोळ्या, थरावर थर, ओळीने रचलेल्या. उजेड प्रत्येक थरावरून थोडाथोडा परततो. ज्या तरंगलांबीसाठी सगळ्या थरांवरून परतलेल्या लाटा एका तालात येतात, तेवढाच रंग डोळ्याला दिसतो. बाकीचा उजेड पुढे निघून जातो. विद्यापीठाच्या आवारातल्या मोराच्या पिसातही हेच तत्त्व आहे. तिथे सिलिकाच्या गोळ्यांऐवजी मेलॅनिनच्या कांड्यांची जाळी असते.

सूत्र तुम्हाला माहीतच असेल. सरळ समोरून बघितलं तर तरंगलांबी म्हणजे दुप्पट थरांतलं अंतर गुणिले सरासरी अपवर्तनांक. पण सूत्र पाठ असून भागत नाही, आकडे घालून बघा. घट्ट रचलेल्या गोळ्यांमध्ये दोन थरांतलं अंतर व्यासाच्या ०.८१६ पट असतं. गोळी २५० नॅनोमीटरची घेतली तर अंतर २०४ नॅनोमीटर. सिलिकाचा अपवर्तनांक १.४५, गोळ्यांनी जागा व्यापली ७४ टक्के आणि उरलेल्या २६ टक्क्यांत हवा, तर सरासरी (वर्गांची सरासरी काढून त्याचं वर्गमूळ) येते साधारण १.३५. गुणाकार केला की ५५० नॅनोमीटर, म्हणजे स्वच्छ हिरवा. गोळी २०० नॅनोमीटरची घेतली तर ४४० ला निळाजांभळा येतो, ३०० ची घेतली तर ६६० ला लाल. म्हणजे व्यासात १०० नॅनोमीटरच्या फरकात दृश्य उजेडाचा जवळजवळ सगळा पट्टा पार होतो. रंग सरकवायचा म्हणजे काय करायचं, याचं माप इथे मिळतं: निळ्यापासून, समजा ४५० पासून, लालपर्यंत, ६५० पर्यंत जायचं असेल तर अंतर आणि अपवर्तनांकाचा गुणाकार सुमारे ४४ टक्क्यांनी वाढायला हवा. हा ४४ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक यंत्रणा याच आकड्यापाशी आणून उभी करायची आहे.

टंगस्टन ऑक्साइडचा प्रश्न इथेच निकालात काढू. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची थिन फिल्मची परंपरा जुनी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला विजेवर रंग बदलणं म्हटलं की आधी तेच आठवतं, हे साहजिक आहे. त्या फिल्ममध्ये व्होल्टेज दिल्यावर इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जोडीला लिथियम किंवा प्रोटॉन आत शिरतात. पदार्थाची शोषण्याची सवयच बदलते. तो लाल बाजूचा उजेड गिळायला लागतो आणि निळा दिसतो. रंग तिथे उजेड खाण्यातून येतो. आपल्या क्रिस्टलमध्ये उजेड कुणी खात नाही, त्याची नुसती वाटणी होते: काही परत, बाकी पुढे.

हा फरक टेबलावर पाच मिनिटांत तपासता येतो. नमुना हातात धरून तिरका करा. शोषणाचा रंग फारसा हलणार नाही, पण रचनेचा रंग निळ्याकडे सरकेल. वरचीच २५० नॅनोमीटरची फिल्म ४५ अंशांतून बघितली तर ५५० ऐवजी ४७० च्या आसपास दिसते, हिरव्याची निळी होते. दुसरी तपासणी म्हणजे उजेडासमोर धरून आरपार बघायचं. परावर्तनात जो रंग दिसतो तोच पारगमनात कमी पडलेला दिसला पाहिजे. तिसरी तपासणी अल्कोहोलच्या थेंबाची. कोरड्या फिल्मवर इथेनॉल टाकलं की भोकांतल्या हवेच्या जागी १.३६ अपवर्तनांकाचा द्रव बसतो, ५५० चं ५८० होतं, हिरवा पिवळा होतो आणि थेंब उडाला की परत हिरवा. रंग सरकतो तेव्हा तो फिकाही होतो, हे नीट बघून ठेवा. गोळी आणि भोवतालचा द्रव यांच्या अपवर्तनांकातला फरक कमी झाला की परावर्तन मंदावतं. इथिओपियातला वेलोचा ओपल पाणी पितो आणि पाण्यात ठेवला तर बऱ्याचदा पारदर्शक होऊन त्याचे रंग मावळतात, त्याच्यामागेही हेच कारण आहे. वाळला की रंग परततात.

आता व्हिडिओवाल्याची यंत्रणा, म्हणजे अपवर्तनांक बदलणारी. गोळ्यांमधल्या भोकांत लिक्विड क्रिस्टल भरायचं. त्याचे रेणू लांबट असतात, आणि उजेड त्यांच्या लांबीच्या दिशेने डोलतो की आडव्या दिशेने, त्यावर अपवर्तनांक ठरतो. विद्युत क्षेत्र दिलं की रेणू वळतात आणि अपवर्तनांक साधारण १.५ पासून १.७ पर्यंत जाऊ शकतो. कुर्ट बुश आणि सजीव जॉन यांनी १९९९ मध्ये उलट्या ओपलमध्ये (गोळ्या काढून टाकून मागे उरलेल्या भोकाभोकांच्या जाळीत) लिक्विड क्रिस्टल भरण्याचा विचार गणिताने मांडला होता, आणि भौतिकशास्त्र म्हणून तो सुंदर आहे. पण आपला ४४ चा आकडा लावून बघा. साध्या सिलिकाच्या ओपलमध्ये भोकं फक्त २६ टक्के. तिथे १.५ चा १.७ झाला तरी सरासरी १.४६ वरून १.५२ वर जाते आणि २५० च्या गोळीचा रंग ५९७ वरून ६२० वर सरकतो. तेवीस नॅनोमीटर. तेही सगळे रेणू शिस्तीत वळले तर. अरुंद भोकांच्या भिंतींना चिकटलेले रेणू वळायला कुरकुर करतात आणि व्होल्टेज वाढत जातं. लेझरच्या किंवा ऑप्टिकल स्विचच्या कामाला एवढं सरकणं पुरतं. डोळ्याला दिसणाऱ्या रंगबदलासाठी ही यंत्रणा मी तरी सुचवणार नाही.

अंतर बदलणं हाच राजमार्ग. निसर्गानेही तोच धरला आहे. जिनिव्हाच्या गटाने २०१५ मध्ये दाखवून दिलं की पँथर सरडा रंग बदलतो तो कातडीतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त करून. तोपर्यंत सगळं श्रेय रंगद्रव्याच्या पेशींना दिलं जायचं.

अंतर बदलायचे विजेचे दोन रस्ते आहेत. पहिला जेलचा. टोरंटोच्या आंद्रे आर्सेनो, जेफ्री ओझिन, इयान मॅनर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावर पूर्ण रंगांचा डिस्प्ले करून दाखवला. दोन व्होल्टच्या घरातल्या व्होल्टेजवर सगळे रंग मिळतात असं जे तुम्ही ऐकलंय, त्याचं मूळ बहुधा इथेच आहे. त्यांनी सिलिकाच्या गोळ्यांच्या मधल्या फटींत पॉलीफेरोसेनिलसिलेन नावाचं पॉलिमर भरून ते जाळीदार केलं. या पॉलिमरच्या साखळीतच लोखंडाचे अणू बसवलेले असतात. इलेक्ट्रोडवर धन व्होल्टेज दिलं की लोखंड एक इलेक्ट्रॉन सोडतं आणि साखळीवर धन चार्ज बसतो. तो फेडायला इलेक्ट्रोलाइटमधले, म्हणजे भोवतालच्या आयन असलेल्या द्रवातले, ऋण आयन आत धावतात आणि येताना द्रावक सोबत आणतात. जेल फुगतं, गोळ्यांचे थर एकमेकांपासून लांब जातात, रंग लालकडे सरकतो. व्होल्टेज उलटं केलं की आयन आणि द्रावक बाहेर, जेल आखडतं, रंग निळ्याकडे. विटांची भिंत उभी आहे, विटा त्याच आणि तेवढ्याच, पण मधला चुना फुगतोय आणि आखडतोय, असं चित्र डोळ्यासमोर आणा.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. फिल्म काचेला चिकटलेली असते, त्यामुळे ती आडवी पसरू शकत नाही, फक्त उंचीत वाढते. ते सोयीचं आहे, कारण आपल्याला हवं ते अंतर उंचीतलंच आहे. पण हिशेब करा. मूळ उंची १०० धरली तर त्यातल्या ७४ गोळ्यांच्या आणि २६ जेलच्या. उंची १४४ व्हायची तर गोळ्यांचा वाटा ७४ च राहणार आणि जेल २६ चं ७० व्हायला हवं. म्हणजे पावणेतीनपट फुगणं. त्यात द्रावक शिरल्याने सरासरी अपवर्तनांकही जरा खाली येतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच लागतं. एवढं फुगून परत बरोबर मूळ मापावर येणारं, शेकडो वेळा तसं करणारं आणि काचेवरून न सुटणारं जेल म्हणजे गंमत नव्हे. या रस्त्यावरचे बरेचसे नमुने दगावतात ते इथेच: जेल काचेवरून सुटतं किंवा भेगाळतं. टोरंटोच्या गटाने पुढे गोळ्याच काढून टाकल्या, मागे नुसतं भोकाभोकांचं पॉलिमर ठेवलं, म्हणजे उलटा ओपल. आयनांना आत जायला रस्ते मोकळे झाले, व्होल्टेज कमी लागलं, वेग वाढला आणि रंग अतिनील ते अवरक्तपर्यंत नेता आला. त्याचा एक छुपा फायदा असा की रंग दृश्य पट्ट्याच्या बाहेर ढकलला की मागची काळी पाटी दिसते. म्हणजे काळा रंगही मिळाला.

वेगाचं गणित इथे निष्ठुर आहे. आयन आणि द्रावक जेलमधून पाझरत जातात, आणि पाझरायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फिल्म दुप्पट जाड केली तर वेळ चौपट. त्यामुळे परावर्तन वाढवावं म्हणून थर वाढवत गेलात की रंग बदलायला सेकंदांवर सेकंद लागतात. २० थर म्हणजे चार मायक्रोमीटरच्या आसपास. त्यापुढे सहसा जायची गरज नसते. मात्र या संथपणाची दुसरी बाजू चांगली आहे. सर्किट तोडलं तरी चार्ज साखळीवर बराच वेळ बसून राहतो, रंग टिकतो आणि तो धरून ठेवायला वीज जवळजवळ लागत नाही.

दुसरा रस्ता तुमच्या सरांचा. यात जेल नाही, फिल्मही नाही. कण द्रवात तरंगत असतात. कणांवर सारख्याच खुणेचा चार्ज असतो म्हणून ते एकमेकांना ढकलतात, आणि द्रवात मीठ फार कमी असेल तर ते ढकलणं लांबवर पोहोचतं. मग कण एकमेकांपासून समान अंतर राखून आपोआप ओळीत उभे राहतात, एकमेकांना न टेकता. पिट्सबर्गच्या सॅनफोर्ड ॲशर यांच्या गटाने अशा तरंगत्या क्रिस्टलांवर अनेक वर्षं काम केलं. या ढकलण्याचा पल्ला मिठावर किती अवलंबून आहे ते बघा: दहा मिलिमोलर मिठात तो जेमतेम तीन नॅनोमीटर असतो, एक मिलिमोलरला दहा, ०.१ मिलिमोलरला तीस. आपल्याला कणांमध्ये पन्नास-शंभर नॅनोमीटरची फट राखायची आहे. म्हणजे मीठ जवळजवळ शून्यच हवं. हाताच्या घामाचं बोट बाटलीत बुडालं तरी क्रिस्टल मोडायला पुरे.

आता दोन पारदर्शक इलेक्ट्रोडच्या काचांमध्ये हा द्रव भरून थोडं व्होल्टेज द्या. कणांवर ऋण चार्ज असेल तर ते धन इलेक्ट्रोडकडे जमायला लागतात. तिथे गर्दी वाढते, अंतर कमी होतं, रंग निळ्याकडे जातो. १८० नॅनोमीटरच्या पॉलीस्टायरिनच्या कणांचे आकडे घेऊ, अपवर्तनांक १.५९, भोवती पाणी. द्रवात कण २५ टक्के असतील तर रंग साधारण ५९० ला, नारिंगीकडे झुकलेला पिवळा. गर्दी ४० टक्के झाली की ५२० ला हिरवा. ५५ टक्क्यांना ४८० ला निळा. कण तेच, पाणी तेच, फक्त दाटी वेगळी. धन बाजूने बघितलं तर हे दिसतं. ऋण बाजूने बघितलं तर उलटं: तिथे कण विरळ होतात, रंग लालकडे सरकतो आणि पुढे क्रिस्टल मोडून रंगच जातो. म्हणून फोटो कुठल्या काचेकडून काढला ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर तुमचे निकाल आणि तुमच्याच मित्राचे निकाल जुळणार नाहीत.

सर म्हणतात ते खरं ते इथे, पण एक दुरुस्ती करून: कणांवर चार्ज व्होल्टेजमुळे येत नाही, तो आधीपासूनच असतो. व्होल्टेज फक्त त्या चार्जला पकडून ओढतं.

पाण्याची अडचण तुम्ही ओळखली असेल. कागदावर १.२३ व्होल्टला पाण्याचं विघटन सुरू होतं. प्रत्यक्षात इलेक्ट्रोडवर जरा जास्त लागतं, पण मग बुडबुडे येतात, आम्ल-अल्कली बदलते, आयन वाढतात आणि क्रिस्टल गेला. म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा पाण्याऐवजी प्रोपिलीन कार्बोनेटसारखा ध्रुवीय द्रव घेतात, त्यात व्होल्टेज जास्त देता येतं. पण त्याचा अपवर्तनांक १.४२. साधी सिलिका १.४५. दोघांत फरकच उरत नाही, म्हणून रंग धुरकट. त्यासाठी मग कणाच्या गाभ्यात लोह ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइडसारखं काही जड अपवर्तनांकाचं घालून वर सिलिकाचं कवच चढवतात. २०१० च्या सुमारास कोरियातल्या गटांनी या वाटेने बऱ्याच झपाट्याने प्रगती केली.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट, आणि तोंडी परीक्षेत ती विचारली जाण्याची शक्यता दाट आहे. दोन काचांत पन्नास मायक्रोमीटर अंतर आणि १.२ व्होल्ट, म्हणजे सेंटिमीटरला २४० व्होल्टचं क्षेत्र, असं तुम्ही लिहाल. ते फक्त पहिल्या क्षणाचं. द्रवातले उरलेसुरले आयन इलेक्ट्रोडपाशी जाऊन थर धरतात आणि बहुतेक व्होल्टेज त्या पातळ थरांतच संपतं. मधल्या द्रवाला फार कमी क्षेत्र उरतं. म्हणूनच व्होल्टेज दिल्या दिल्या रंग झपकन सरकतो, मग रेंगाळतो, कधीकधी थोडा मागेही येतो. ते मोजणीतली चूक समजून आलेख पुसू नका. तो वेळेबरोबरचा आलेख हाच तुमच्या प्रोजेक्टचा सगळ्यात बोलका भाग होऊ शकतो.

पाट्यांचा प्रश्न राहिला. राजारामपुरीच्या पाटीला रात्री दिसायचं असतं. आपला क्रिस्टल स्वतः उजेड देत नाही, पडलेला उजेड परत करतो. दुसरं, एका जागी एका वेळी तो एकच शुद्ध रंग देतो. पांढरा, गुलाबी, तपकिरी, माणसाच्या चेहऱ्याचा रंग हे एका ठिपक्यातून मिळत नाहीत, आणि फ्लेक्सवर तर नेत्यांचे चेहरेच असतात! तिसरं, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने बघणाऱ्याला रंग वेगळा दिसणार, वरच्या ४५ अंशांच्या आकड्यासारखा. यावर तोड म्हणून मुद्दाम अर्धवट शिस्तीची, जवळचे शेजारी ठरावीक अंतरावर पण लांबवर ओळ नसलेली रचना करतात. कोन बदलला तरी रंग फारसा हलत नाही, पण झळाळी उतरते, आणि लाल तर अशा रचनेतून स्वच्छ मिळवणं फारच अवघड, कारण एकएकटा कणसुद्धा निळा उजेड मागे फेकत राहतो आणि लालमध्ये निळ्याची भेसळ होते. चौथं म्हणजे द्रव किंवा ओलं जेल मोठ्या काचांत वर्षानुवर्षं न गळता, न वाळता सांभाळणं. त्यामुळे हे तंत्र आजच्या घडीला पाटीपेक्षा छोट्या जागी शोभतं: नकली माल ओळखण्याची खूण, थोड्या विजेवर चालणारा दर्शक, काचेचा रंग. कुणी तुम्हाला प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत "उद्याचा टीव्ही" लिहायला सांगितलं तर लिहू नका.

प्रोजेक्टला कुठला रस्ता धरावा? मी तरंगत्या कणांचा सांगेन. टोरंटोचं पॉलिमर दुकानात बाटलीत मिळत नाही. ते करायला हवा आणि पाणी पूर्ण वर्ज्य करून काम करणारी पॉलिमरची प्रयोगशाळा लागते. दोन सत्रांत ते आवाक्यातलं नाही. पॉलीस्टायरिनचे कण मात्र स्टायरिन, पाणी आणि पोटॅशियम परसल्फेट घेऊन, नायट्रोजनखाली, ७० अंशांच्या आसपास ढवळत ठेवून होतात, आणि परसल्फेटमुळे त्यांच्यावर ऋण चार्ज आयताच येतो. स्टायरिनची वाफ बरी नव्हे, फ्यूम हुडमध्येच काम करा. रसायनशास्त्राच्या एखाद्या मित्राला सोबत घ्या. सिलिकाच हवी असेल तर श्टोबर, फिंक आणि बोन यांची १९६८ ची रीत आहेच: टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, इथेनॉल, पाणी आणि अमोनिया. कुठलेही कण असोत, आधी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा. मापातला फरक पाच टक्क्यांच्या आत नसेल तर पुढचे सगळे कष्ट वाया. तशा कणांतून दूध मिळतं, रंग नाही.

कण धुऊन झाले की प्लास्टिकच्या बाटलीत मिश्र आयन-विनिमय रेझिनबरोबर (द्रवातले आयन टिपून घेणाऱ्या दाण्यांबरोबर) ठेवा आणि अधूनमधून फिरवा. काचेची बाटली नको, काचेतून आयन सुटतात. झाकण घट्ट हवं, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून परत आयन तयार होतात. नुसत्या पांढऱ्या द्रवात बाटली हलवताना चमचमते तुकडे दिसायला लागले की क्रिस्टल जमला. ते दिसेपर्यंत व्होल्टेजचं नाव काढायचं नाही.

सेलला एफटीओच्या (वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेल्या) दोन काचा, मध्ये पन्नास ते शंभर मायक्रोमीटरची प्लास्टिकची पट्टी, कडा सील. मागे काळा कागद लावा. पांढऱ्या टेबलावर ठेवलेला सेल बघून कितीतरी जण "रंगच आला नाही" म्हणून नमुना ओतून देतात. मोबाईलच्या फोटोवर निष्कर्ष काढू नका, कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच्या मर्जीने बदलतो. फायबर स्पेक्ट्रोमीटर समोरून सरळ धरून शिखराची जागा मोजा. ०.२ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जा, प्रत्येक पायरीवर शिखर थांबेपर्यंत थांबा, मग त्याच पायऱ्यांनी खाली या. जाताना आणि येताना शिखर एकाच जागी सापडत नसेल तर तो फरक लपवू नका, तोही मोजा आणि किती चक्रांनंतर वाढतो ते लिहा. मोजलेल्या तरंगलांबीवरून उलट गणित करून इलेक्ट्रोडपाशी कणांची दाटी किती झाली ते काढता येतं. वरच्या तीन आकड्यांशी ते ताडून बघा. पावसाळ्यात सुरुवात करणार असाल तर पहिल्याच आठवड्यात कोरड्या ओपलच्या फिल्म उभ्या काचेवर वाळवायच्या फंदात पडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत अल्कोहोल उडताना फिल्मवर ओल धरते आणि थर चट्ट्यापट्ट्यांचा येतो. ते काम ओव्हनमध्ये करा किंवा दिवाळीनंतर. तरंगत्या कणांच्या सेलला पावसाचं काही पडलेलं नसतं.